इंजिनिअरिंगला जाण्याचा माझा पक्का आराखडा

१६ ऑगस्ट २०२१
आजपासून शिस्त. दोन वर्षं फ्रेस्नोच्या कम्युनिटी कॉलेजात, मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला, मेकॅनिकल इंजिनिअरिंग. भिंतीवर चारही सेमिस्टरचा रंगीत तक्ता लावला. आई संत्र्यांच्या पॅकिंगवरून आली. म्हणाली, "छान दिसतंय रे एफ्राइन. कॉलेजात नाव घातलंस का?"
आधी आराखडा, मग नाव. तिला कसं सांगणार!

१९ ऑगस्ट
कौन्सेलर बाग्दासारियन यांना भेटलो. म्हणाले, "पहिलं कॅल्क्युलस घे. फिजिक्स, पुढचं सगळं त्याच्यावर अडलंय." जुन्या वळणाचा माणूस. वर्ग फक्त सकाळी सातचा, तोही भरलेला. म्हणे रोज जाऊन मागे बस, कुणीतरी गळतंच.

२३ ऑगस्ट
गेलो. सव्वासात झाले असतील. फार तर साडेसात. बाई म्हणाल्या, "आत्ताच एक जागा सुटली होती. सातला जो हजर होता त्याला दिली." इतका ताठरपणा शिक्षणाला मारक आहे.
त्याऐवजी सिरॅमिक्स, योगा आणि संगीताची ओळख घेतलं. थांबून राहण्यात अर्थ नाही.

१७ डिसेंबर
तिन्हीत ए! बाग्दासारियन म्हणाले, "अभिनंदन. यातलं संगीत विद्यापीठाला चालेल." बाकीचं? "बाकीचं तुझ्या आनंदासाठी."
आईला मी केलेला मग दिला. थोडा गळतो.

२२ ऑगस्ट २०२२
धाकटी इत्झेलही कॉलेजात. तिला इंजिनिअरिंगच हवंय. तासभर सगळं समजावलं: कशानंतर काय, कुठला विषय फक्त वसंताच्या सेमिस्टरला मिळतो. मुलगी नशीबवान, घरात अनुभवी माणूस आहे. उद्यापासून सातच्या वर्गाला जाणार म्हणते. बघू किती दिवस टिकते.
मी संध्याकाळचं कॅल्क्युलस घेतलंय. डोकं संध्याकाळी चांगलं चालतं.

६ ऑक्टोबर
पहिली परीक्षा. कॅल्क्युलस सोडलं. माघार नव्हे, सरासरी वाचवली. आईला अजून बोललो नाही.
इत्झेल जातेच आहे सातला. जाताना दार आपटते.

२८ नोव्हेंबर २०२३
विद्यापीठाच्या अर्जांचा महिना. इत्झेल आणि मी शेजारी बसून भरत होतो. तिने माझ्या स्क्रीनवर डोकावून विचारलं, "दादा, फिजिक्सपुढे 'चालू आहे' लिहिलंयस. कुठे चालू आहे?"
म्हटलं, मनात.
ती हसली नाही. "खोडून टाक ना," म्हणाली, हळूच. खोडलं. मग अर्जात फार काही उरलं नाही. यंदा राहू दे, घाईत पाठवण्यात अर्थ नाही.

२१ सप्टेंबर २०२४
इत्झेलला विद्यापीठात सोडून आलो. आईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मीच. वसतिगृहाच्या दारातल्या मुलीने माझ्या शर्टावर 'पालक' असं स्टिकर चिकटवलं. मी सव्वीस वर्षांचा आहे. काढलं नाही.
खोके तीन मजले चढवले. निघताना इत्झेलने गच्च मिठी मारली. रडत होती. म्हणाली, "दादा, तूही ये ना. मी आहेच इथे." येतो म्हणालो.
गाडीत बसून हिशोब मांडला. येत्या जानेवारीत कॅल्क्युलस घेतलं, एकही विषय न सोडता गेलो, तर मी २०२७ च्या सप्टेंबरात इथे पोचतो. ती २०२६ च्या जूनमध्ये शिकून बाहेर पडते.
पुन्हा तपासलं. गणित बरोबर होतं.