वरचा ओठ

६ जानेवारी
आज पुन्हा चित्रकलेच्या बाईंची बोलणी खाल्ली. "घोटतेस कशाला? चेहरा आहे तो, भिंत नव्हे!" एक फटकारा मारायचा, सोडून द्यायचा. शेजारी दुसरा रंग. जवळून नुसते तुकडे. दारापर्यंत जाऊन मागे वळलं की गाल! पण माझा हात आवरत नाही. दादाचा चेहरा आहे — तुटक राहिलेला बघवत नाही.

९ जानेवारी
खालचा थर वाळल्याशिवाय वरचा द्यायचा नाही. मी दिला. सगळा चिखल!

१५ जानेवारी
कपाळ जमलं. सावलीत हिरवा, त्यावर तुटक गुलाबी. डोळेही दादाचेच, खट्याळ. पण तोंड? घरात त्याचा एकच फोटो उरलाय, आणि त्यात साहेब चहा पिताहेत! कप नेमका ओठांवर. दादा बाबांशी भांडून घर सोडून गेला, त्याच दिवशी बाकीचे फोटो बाबांनी फाडले. "महिन्याभरात शेपूट घालून परत नाही आला तर मिशी उतरवीन!" असं ओरडले होते. वर्षं गेली. मिशी आहे तिथेच आहे. तिचा विषय काढायची कुणाची छाती नाही.

२० जानेवारी
आठवून ओठ काढला. पुसला. पुन्हा काढला. आठवतच नाही! त्याचं हसणं कानात आहे, डोळ्यांसमोर येत नाही. दादा, किती आठवण येते रे तुझी.

२३ जानेवारी
बाई म्हणाल्या, "घरात कुणाचा चेहरा तसा नाही का?" आहे ना. दादानं बाबांचाच चेहरा उचललाय. ते पेपर वाचत होते, मी चोरून हनुवटी उतरवून घेतली. ओठ मात्र मिशीखाली. तेवढ्यात मी सापडलेच. "काय बघतेस?" सगळं सांगून टाकलं — चित्र, कप, ओठ. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. पान काही उलटलं नाही.

२४ जानेवारी
आई म्हणते, "ठेव ते झाकून. घरात शांतता राहू दे." नाही ठेवणार!

२७ जानेवारी
सकाळी बाबा खुर्ची ओढून माझ्यासमोर, खिडकीशी बसले. मिशी नाही. ओठावरची कातडी कोवळी, फिकट.
"काढ," म्हणाले. "हसताना त्याचा ओठ डावीकडे जरा वर जायचा." आणि हसून दाखवलं.