बोरो उंबऱ्याशी बसली

२२ जानेवारी, थंडीच्या नऊ-नऊ दिवसांतल्या चौथ्या नवकाचा पाचवा दिवस

माझी सोलोंगो,

तुझ्या दोन्ही गालांचा वास घेते. मेंढ्या बऱ्या आहेत, मीही बरी. शहरात धूर फार म्हणतात, तोंडाला फडकं बांधत जा. अक्षर लावून घे, माझी शाळा दोनच हिवाळ्यांची.

तर आनंदाची बातमी. आपल्या बोरोला पाच पिल्लं झाली, या वयात! बाप कोण ते विचारू नकोस, शेजारच्या चुलूनचा कुत्रा हल्ली माझ्याकडे बघत नाही.

तिच्या आडोशाला मी सुकं शेण हातभर पसरलं, वर लोकरीचा जुना नमदा, वाऱ्याच्या बाजूला बर्फाची भिंत. दिवसातून तीनदा चरबी घातलेला कोमट रस्सा, कारण पाणी ओतता ओतता गोठतं. तरी परवा सकाळी एक पिल्लू ताठ झालेलं. अंगरख्यात छातीशी धरून बसले. चहा उकळेपर्यंत हललं नाही, मग एकदम माझी गुंडी चोखायला लागलं. मी इतकी हसले की चहा उतू गेला.

मग बाकीची चारही आत आणली. हो, आत, चुलीपाशी. तुझ्या आजोबांच्या घरात कुत्रं कधी आलं नव्हतं.

बोरो मागोमाग आली आणि उंबऱ्याबाहेर बसली. दार सताड उघडं, आत पिल्लं रडतायत, हिच्या मिशांवर बर्फ, पण पाऊल टाकेना. माझ्या हातातल्या पळीकडे बघत राहिली. त्याच पळीनं मी तिला शिकवलं होतं ना. मागच्या हिवाळ्यात तिला आत घे म्हणून तू रडून भांडलीस, तेव्हाही तीच हातात होती. सकाळी तिच्या कानांची टोकं थंडीनं काळी पडली होती आणि तू न बोलता ट्रकमध्ये बसलीस.

पळी मी बर्फात भिरकावली. खाली बसून म्हटलं, "ये गं बाई. माझं चुकलं."

आली.

काल चुलून आला. रिवाजाप्रमाणे लांबूनच ओरडला, "कुत्रं धरा रे." मी आतून म्हटलं, "धरलंय, मांडीवरच आहे." उद्या उंटाला गादी घालशील म्हणाला. जाताना एक पिल्लू मागून गेला मेला.

चौघांची नावं ठेवली. ताठ झालेल्याचं नाही ठेवलं. ते तुझ्या खाटेवर झोपतं. पांढऱ्या महिन्याच्या, नव्या वर्षाच्या सणाला इकडे ट्रक येतो, येताना एक पळी आण, माझी सापडत नाही.

दार थंडीपुरतं लोटलेलं असेल. कडी लावत नाही.

तुझी आजी