हॅझलडीनचा दरवाजा

हॅझलडीन मॅनर, सॉमरसेट
७ मे १९७४

प्रिय लायनेल,

तुझा गुडघा कसा आहे? स्कॉटलंडची हवा त्याला मानवत नसणार, आणि तू ते कबूलही करणार नाहीस. मी ठणठणीत आहे. तळ्यात बदकांची पिल्लं झाली आहेत. छप्पर आता गळत नाही, ट्रस्टने दुरुस्त करून दिलं. लगेच पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

बाबांनी माझ्या नावे ठेवलेलं हे घर मी जुन्या वास्तू जपणाऱ्या ट्रस्टच्या हवाली करून लोकांना खुलं केलं, तेव्हा तू दारात उभा राहून ओरडला होतास, "विनी, तू ॲशकोम नाहीसच, थ्रप आहेस!" आणि बॅग उचलून गेलास तो गेलासच. आपल्या घराण्यात याहून मोठी शिवी नाही. तिकीट काढून येणाऱ्यांना मी तीच तर कथा सांगत असे. सव्वातीनशे वर्षांपूर्वी राजा आणि पार्लमेंट यांची जुंपली, तेव्हा आपले सर राल्फ वेढ्यात अडकून राजासाठी हे घर लढवत होते, आणि गिरणीवाल्या जोसाया थ्रपने पहाटे आतून दरवाजा उघडून शत्रूला आत घेतलं.

इथे प्रत्येक खोलीत गावातलं एक माणूस बसतं आणि त्या खोलीची माहिती सांगतं. दिवाणखाना माझा. गेल्या वसंतात ट्रस्टने स्वयंपाकघरात कोणाला बसवावं? ऑल्विन थ्रपला! हो, त्याच थ्रपांपैकी. पोस्टातून निवृत्त झालेला, विधुर, आणि बोलायला असा की भिंतीलाही हसू यावं.

पहिल्याच शनिवारी ब्रिस्टलची एक बाई स्वयंपाकघर बघून माझ्याकडे माघारी आली. म्हणाली, "अहो, ते आतले आजोबा म्हणतात, दरवाजा उघडला नसता तर तोफांनी घर पाडलं असतं, आणि आज तुम्ही आम्हाला नुसता दगडांचा ढीग दाखवत बसला असता!"

मी म्हटलं, "त्यांना सांगा, चोराने राखणदारीच्या गप्पा मारू नयेत."

बाई लगबगीने गेली आणि धापा टाकत परत आली. "ते म्हणतात, घोडेसुद्धा खाऊन संपले होते, चुलीत विस्तव नव्हता. आणि सर राल्फ त्या पहाटे नेमके कुठे होते, ते विचारा म्हणाले!"

सर राल्फ तळघरात दारूच्या पिंपांपाशी होते, लायनेल. आजोबांनी आपल्याला सांगितलं होतं, अगदी हळू आवाजात.

उन्हाळाभर हेच चाललं. लोक चहा आणि स्कोन टाकून या खोलीतून त्या खोलीत पळायचे. कोणी माझं उत्तर ऐकून टाळ्या पिटायचे, कोणी त्याचं. ट्रस्टचे साहेब खूश झाले.

मग ऑक्टोबरात एक दिवस असा आला की पाऊस थांबेना आणि एकही पाहुणा फिरकेना. मी चांगली झणझणीत उत्तरं रचून बसले होते आणि ती न्यायला कोणी नाही. मला चक्क करमेना. तेवढ्यात ऑल्विनच चहाचा ट्रे घेऊन दारात उभा.

"मिस ॲशकोम, आज निरोप्या नाही. म्हटलं, शिव्या स्वतःच येऊन खाव्यात."

मला हसू आवरलं नाही. चहा घेता घेता तो म्हणाला, "जोसायाची बायको-पोरं आतच होती हो. तुमच्याच चाकरीत, उपाशी. तो दुसरं काय करणार होता?" आपल्याला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं, लायनेल. आपणही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी पाहुण्यांना दोन्ही बाजू सांगते. परवा जोसायाचं कौतुक जरा जास्तच झालं असावं. एका आगाऊ मुलीने विचारलं, "तुम्ही थ्रपांच्यातल्या का?"

मी म्हणून गेले, "अजून नाही."

आता तुलाही सांगून टाकते. रविवारी पाद्रीसाहेबांनी चर्चमध्ये माझं आणि ऑल्विनचं नाव वाचलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, या लग्नाला कोणाची हरकत आहे का? सगळं चर्च माना वळवून आपल्या घराण्याच्या बाकाकडे बघू लागलं. बाकावर मी एकटी. मागे मिसेस पडफूट शिंकल्या, तर पाद्रीसाहेब दचकलेच.

एकसष्टाव्या वर्षी हसू करून घेतेय असं तुला वाटेल. वाटू दे. मी फार सुखात आहे.

लग्न पंचवीस तारखेला, शनिवारी. बाबा नाहीत, तेव्हा मला वेदीपर्यंत हात धरून नेणारं तुझ्याशिवाय कोणी नाही. पाय धड आहेत, एकटी चालत जाईनही. पण मला एकटीने जायचं नाही, दादा. तू आला नाहीस तरी लग्न होईल, आणि मी रडेनही.

हरकत असेल तर ती टपालाने पाठवू नकोस. चर्चमध्ये हरकत उभं राहून, तोंडाने सांगायची असते. तेवढ्यासाठी तरी ये. आणि आलाच आहेस, तर हात दे.

अजून दोन रविवार ॲशकोम, पण तुझी बहीण कायमची,
विनी