पोटावरची कोंबडी

मेहकर, गुरुवार, संध्याकाळ

आज वर्गात माझ्याकडून वाईट झालं. बी.ए.च्या पोरांना जुने इंग्रजी निबंधकार शिकवत होतो. या निबंधकारांना विषय मोठा लागत नाही, मोडकी खुर्ची चालते, दुपारची डुलकी चालते, फक्त माणूस मोकळा बोलला पाहिजे. हे मी अगदी रंगून सांगितलं. मग म्हटलं, तसंच काहीतरी मराठीतून लिहा, इंग्रजी मागाहून करू.

थोड्या वेळानं वर्गातली पल्लवी उठली आणि लिहिलेलं वाचायला लागली. "माह्या बापाची झोप. बाप ओसरीत उताणा पडला का कोंबडी येऊन त्याच्या पोटावर बसते. तो घोरला का वर जाते, खाली येते..."

पोरं हसली. मलाही हसू येत होतं, पण काय अंगात आलं कोण जाणे. "पोरी, परीक्षेत कोंबडी चालत नाही," म्हणालो आणि गाइडमधला आरामखुर्चीवरचा निबंध सगळ्यांना लिहून घ्यायला लावला. तिनंही घेतला, मान खाली घालून, शब्द न् शब्द.

इंग्रज साहेबाची डुलकी ते वाङ्मय, आणि तिच्या बापाची? मी कुणाला भ्यालो? परीक्षेला, की त्या हसण्याला? माझा बापही ओसरीतच झोपायचा.

चहा देताना बायकोनं विचारलं, "काऊन चूप बसून राह्यले?" तिला ती कोंबडी सांगितली. पदरानं डोळे पुसेपर्यंत हसली. मग म्हणाली, "मंग? बाप कुशीवर वळला का कोंबडी काय करते?"

मला माहीत नाही. पल्लवीला मी तिथवर वाचूच दिलं नाही.