भैरोबाच्या डोंगरावरची खरपुडी

१० ऑगस्ट
गुडघ्याने आजही दगा दिला. सुधाला जाऊन आठ महिने. डोंगर न चढलेला हा पहिलाच श्रावण. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं मी, पण खरपुडी सापडली माझ्या या बायकोला. माथ्यावर, काळ्या दगडाच्या भेगेत, वीतभर मातीत. करंगळीएवढी फुलं, उभ्या कंदिलासारखी. दरवर्षी मोजायची. गेल्या साली तीनच वेल. या डोंगरावर दुसरीकडे कुठेच नाहीत.

१४ ऑगस्ट
सोपानमामा शेळ्या घेऊन वर निघाले होते. म्हटलं, खरपुडी आलीय का बघा, सारखी आठवते. वाट सांगू लागलो: तांबड्या मुरमाच्या पट्ट्यावरून डावीकडे, सीताफळी संपल्या की...
"मला वाट सांगता व्हय गुर्जी? बाईंना ती जागा म्याच दावली."
सुधा हे कधी बोलली नाही. लबाड!

१६ ऑगस्ट
मामांच्या रुमालात खरपुडीचे तीन कंद. धुतलेले. दोन सोललेले.
"तोंडाला चव नसंल, म्हनून आठवन काढता. आमच्यात एक मागं ठेवायची रीत हाय. पर तुमच्यासाठी समद्या आनल्या."
मामांनी एक माझ्या हातावर ठेवली. खाल्ली. गोडसर, पाणचट. रागाने कान तापलेले, आणि हा माणूस मला आवडली का ते बघत उभा. दुसरी त्यांनाच दिली. तिसरी मागून खातो म्हणालो. ते गेल्यावर ढसाढसा रडलो.

१७ ऑगस्ट
मामांना खरं सांगितलं. फुलं बघायची होती, खायची नव्हती.
मामा मटकन खाली बसले. "मंग खाल्ली कावून, गुर्जी?"
मी तिसरा, न सोललेला कंद आणून त्यांच्यापुढे ठेवला.

१९ ऑगस्ट
काठी आणि मामांचा खांदा. पाऊण तासाच्या चढाला तीन तास. मुरमावर दोनदा घसरलो. भेग उकरलेली तशीच होती. उरलेला कंद ठेवला, मामांनी चिमटीचिमटीने माती लोटली, शेळ्यांनी तुडवू नये म्हणून भोवती दगड रचले. कंदाची वरची बाजू कोणती, ते धुतल्यामुळे नीट कळेना. सुधाला कळलं असतं. अंदाजाने लावला.


३१ ऑगस्ट
मामा रोज बघून येतात. मी दारात असतो, ते लांबूनच मान हलवतात. अजून कोंब नाही.
आज त्यांनी माझं दार टाळून शेळ्या मागच्या गल्लीने नेल्या. घुंगरं ऐकू आली. हाक मारणार होतो, पण मारली नाही.