सासूसमोर दिलेलं उत्तर

पुणे,
१२ ऑगस्ट २००३

प्रिय मुक्ताताई,
नमस्कार.

तब्येत कशी आहे? केस परत येऊ लागलेत, असं तुझा तेजस फोनवर म्हणाला. ऐकून बरं वाटलं. तुझे ईमेल तोच उघडतो, म्हणून मुद्दाम पत्र.

आमच्या अभ्यासाचं काय झालं, हे तू दोनदा विचारलंस. लहान वयात छातीचे एक्स-रे, म्हणजे आपले 'फोटो', काढलेल्या बायकांना स्तनाचा कॅन्सर जास्त होतो का, ते आम्ही बघतोय. आकडे तुझ्या बाजूने आहेत. आजारी बायकांत फोटो काढलेल्या पुष्कळ, धडधाकट बायकांत जवळपास कोणीच नाही. सर खूश आहेत. मी नाही.

गेल्या आठवड्यात धायरीत एका धडधाकट बाईला तिच्या घरी जाऊन विचारलं. सासू शेजारीच. बाई म्हणाली, "न्हाई बा, कवाच न्हाई काढला!" मी स्कूटर सुरू करतेय तोवर बाई कचरा टाकायच्या निमित्ताने बाहेर आली. "झालता मला टीबी. लई फोटू काढलं. पन लग्नात सांगितलं न्हाई, आता सासूम्होरं कसं बोलू?"

ताई, डोक्यात लख्ख प्रकाश पडला! आजारी बायकांना आम्ही दवाखान्यात एकेकटं गाठतो. त्या आठवून आठवून सगळं सांगतात. धडधाकट बायकांना विचारतो सासूच्या देखत. मग दुसरं काय निघणार, कपाळ!

सरांना म्हटलं, सगळ्यांना पुन्हा विचारायचं, एकेकटीला. ते म्हणाले, "छापायच्या वेळी हे शहाणपण?" म्हटलं, "आपण खुशाल छापा, माझं नाव काढून." चिडून का होईना, तयार झालेत. सोमवारपासून मीच निघतेय.

तू रागावशील, ठाऊक आहे. शाळेत असताना तुझ्या छातीत डाग निघाला, तेव्हा बाबा तुला सारखे फोटोला न्यायचे. त्यानेच हे दुखणं आलं, असं ठरवून तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस. फोटो निर्दोष आहेत, असं मी म्हणत नाही. असतीलही कारण. पण आमच्या असल्या कच्च्या आकड्यांवर बाबांना फाशी देऊ नकोस.

खरं सांगायचं ते मी मघापासून पुढे ढकलतेय. परवा मंडईची पिशवी रिकामी करता करता बाबांनी विचारलं, "सुनीती, मीच केलं का गं हे?" मला 'नाही' म्हणता आलं नाही. ते मान खाली घालून भाजी निवडत बसले. मी आत जाऊन रडले.

उत्तर मिळेल तेव्हा मिळेल. कदाचित तुझंच खरं निघेल, आणि तेही मी लपवणार नाही. पण त्यासाठी थांबू नकोस. भांड, वाट्टेल ते बोल, पण त्यांच्याशी बोल.

तुझी, आणि त्यांचीही,
सुनीती