बसथांब्यावरचं माझं तोंड

सोमवार, ३ तारीख

लागलं! माझं तोंड बसथांब्यावर लागलं! एवढं मोठं, की कवळीतली फट रस्त्याच्या पलीकडूनसुद्धा दिसते. आमचे हे बघून म्हणाले, "जन्मभर घरात बघत आलो, आता बस येईपर्यंतही बघायचं का?" म्हटलं बघा, फुकट आहे.

खाली जाड अक्षरांत लिहिलंय - 'मी इथेच बरी झाले.' त्याखाली संघटनेचं नाव आहे, ते मात्र मुंग्यांएवढं. मला चष्मा लावूनही वाचता येईना, नातीने वाचून दाखवलं. लहान कॅन्सर दवाखान्यांची संघटना. नात आमच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, पेशंटना वेळा देते, फोन घेते. आता हे संघटनेचं कामही तिच्याच गळ्यात पडलंय. एक सरकारी समिती बसलीय म्हणे. केमो यापुढे फक्त मोठ्या हॉस्पिटलांतच द्यावी असा तिचा विचार चाललाय. म्हणजे आमच्या दवाखान्याला कुलूप, आणि पेशंटनी दोन बस बदलून त्या काचेच्या इमारतीत जायचं. माझी केमो चालू होती तेव्हा मला एक गल्ली ओलांडता येत नव्हती!

एकटा दवाखाना ओरडला तर कोण ऐकतो? म्हणून ठिकठिकाणचे दवाखाने एक झालेत. पेशंटला पण सभासद होता येतं. मी सगळ्यांत आधी झाले! बिल्ला मिळाला. स्वेटरला लावलाय. अंघोळीला काढून ठेवायचा म्हणजे जिवावर येतं.

बुधवार, ५

गल्लीतून सभासद गोळा करत फिरले. पाय दुखले पण मजा आली. शाळेत तिसरीनंतर कोणी मला काही काम सांगितलं नव्हतं, आता कुठे सांगतायत. किराणावाला म्हणाला, "आजी, पण मला कॅन्सर नाही." म्हटलं, "बाबा, नाही तोवरच हो. झाल्यावर केमोची खुर्ची शोधत फिरशील!" घाबरून सभासद झाला बिचारा.

दवाखान्यात मोजेवाली भेटली. माझी केमो चालू होती तेव्हा हिची खुर्ची माझ्या शेजारी. केमोत पाय गार पडतात, म्हणून ही एका हाताला सुई लावलेली असतानाही सगळ्यांसाठी मोजे विणायची. माझ्याकडे एक जोड आहे, त्यातला एक लांब आणि एक आखूड. विचारलं तर म्हणाली, "त्या दिवशी औषधाची बाटली मोठी होती ना!" असली हसरी. आज मात्र सुया नुसत्या मांडीवर. तिचं परत आलंय. डॉक्टरबाईंनी सांगितलं तिला, सतराला पुन्हा सुरू करायचं. म्हणाली, "तुम्ही पास झालात ताई. मला पुन्हा पहिलीत बसवलं."

मी तिला बिल्ला दाखवत बसले. आता लिहिताना लाज वाटतेय.

शुक्रवार, ७

अंघोळ करताना काखेत काहीतरी हाताला लागलं. आधी वाटलं साबणाचा तुकडा चिकटलाय, म्हणून पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. साबण नाही.

गाठीला काय कळतंय, माझं पोस्टर लागलंय म्हणून!

शनिवार, ८

आहे अजून. आज बिल्ला लावला नाही. नातीने विचारलं, हरवलास का? म्हटलं, धुवायला टाकलाय. बिल्ला!

सोमवार, १०

दवाखान्यात भाषणाची तालीम होती. गुरुवारी समितीपुढे बोलायचंय. डॉक्टरबाईंनी सवयीने विचारलं, "काय आजी, कशा आहात?" तेवढाच क्षण होता. सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "ठणठणीत!"

का म्हटलं? एक तर तोंडाला सवय. आणि दुसरं म्हणजे नात आतल्या खोलीत फोनवर बोलत होती, ते कानावर पडलं - "आमच्याकडे हुकमाचा पत्ता आहे, आमची आजी!" तिचे डोळे जागून जागून लाल झालेत. नर्सला घर चालवायचंय, डॉक्टरबाईंनी आपली सगळी उमेदीची वर्षं इथं घातलीत. आणि पोस्टरवरची बाईच पुन्हा आजारी निघाली तर काचेच्या इमारतीवाले काय म्हणतील? बघा, यांची औषधं चालत नाहीत. म्हणून ठरवलं, गुरुवार होऊ दे. मग सांगेन. तीन दिवसांनी काय होतंय?

हे इकडे म्हणतात, "तू हल्ली कमी बोलतेस. डॉक्टरला दाखव." यांना चेष्टा सुचते.

गुरुवार, १३

झालं एकदाचं. काय केलं मी हे!

मोठा हॉल होता. माईक माझ्या नाकाला लागत होता. समितीच्या बाई सारखं पेनचं बटण दाबत होत्या - टिक टिक, टिक टिक. पहिल्यांदा अडखळले, मग मात्र सुटलेच. नर्स माझ्या हाताला नुसती बोटं लावून सांगायची, "आज ही नस रुसलीय, दुसरीला विचारू," ते सांगितलं. एकदा डॉक्टरबाई बाहेरगावी होत्या, तर रस्त्यात गाडी थांबवून मला फोन करून ताप किती विचारला, ते सांगितलं. पेनची टिकटिक थांबली. तिसऱ्या रांगेत मोजेवाली होती, मान डोलवत होती.

मग शेवटी एका साहेबांनी विचारलं, "आणि आता तब्येत कशी आहे?"

माझा हात आपोआप काखेत गेला. मी म्हटलं, ठणठणीत. तिथं थांबायचं! पण माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं, "साहेब, आमच्या दवाखान्यातून माणूस बरा होऊनच बाहेर पडतो. परत यायची वेळच येत नाही कोणावर!"

टाळ्या. नुसत्या टाळ्या! नात रडत होती. मोजेवालीने पण वाजवल्या. तिचा लोकरीचा गुंडा मांडीवरून घरंगळत खुर्चीखाली गेला, तो तिने उचलला पण नाही. मी खाली उतरून येईपर्यंत ती निघून गेली होती. गुंडा मी घरी आणलाय. लाल आहे.

शुक्रवार, १४

गुरुवार होऊन गेला. आज सांगणार होते. सगळे कौतुकाला येतायत, कोणासमोर सांगू? गुंडा कपाटात ठेवला, कपाट उघडवत नाही.

सोमवार, १७

मोजेवाली आज केमोला आलीच नाही. नातीने फोन केला. मोजेवाली म्हणाली, "मी नाही येत आता. उगाच माझ्यामुळे दवाखान्याचं नाव खराब." नातीला आधी चेष्टाच वाटली, ती हसली. तिकडून फोन बंद.

घरी येऊन मला विचारते, "आजी, असं का म्हणाली असेल गं ती?"

मी चहा गाळत होते. निम्मा ओट्यावर गेला.

मी का नाही सांगितलं लगेच? तिच्या तोंडाकडे बघवेना. परत येणारे म्हणजे नापास, असं मीच सांगून आले ना भर सभेत, माईकवरून! आणि कोण मी? काखेत गाठ घेऊन फिरणारी.

बुधवार, १९

निकाल लागला. लहान दवाखाने राहणार! केमो देता येणार! दवाखान्यात केक कापला. नर्सने नाकाला क्रीम लावलं. नातीने मला उचलून गरकन फिरवलं, तिचा हात नेमका काखेत. म्हटलं, "सोड गं, गुदगुल्या होतात." ती म्हणाली, "तुझ्या त्या एका वाक्याने जिंकलो आपण!" तेच वाक्य!

केक तोंडात फिरत राहिला. डॉक्टरबाई कोपऱ्यात फोन लावत होत्या, मोजेवालीला. उचलत नाही म्हणाल्या. "आजी, तुमची मैत्रीण आहे ना? तिला समजवा. तिच्याकडे घालवायला वेळ नाहीये."

आनंदाच्या दिवशी एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. आता पुरे. उद्या.

गुरुवार, २०

गुंडा घेऊन तिच्या घरी गेले. दार उघडून म्हणते, "अरे वा, पोस्टरवाल्या बाई आल्या!" आत खुर्चीवर एक मोजा होता, अर्धा उसवलेला. विणलेलं उसवत बसली होती.

म्हटलं, "चुकलं माझं. मी तोंडाला येईल ते बोलले."

"खोटं काय बोललात? झालात ना तुम्ही बऱ्या. माझंच शरीर नतद्रष्ट."

शब्दांनी काही होईना. शेवटी तिचा हात धरला आणि सरळ काखेत नेला. तिची बोटं तिथेच थबकली.

"कधीपासून?"

"पोस्टर लागलं त्याच आठवड्यात."

"आणि तिथं उभ्या राहून ठणठणीत म्हणालात?"

"हो."

"कोणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच. आत्ता."

ती मटकन बसली. मला वाटलं आता चांगली झाडणार. तर हसायलाच लागली! "काय बाई आहात हो तुम्ही! अख्ख्या समितीला गंडवलंत!" हसता हसता डोळ्यांतून पाणी. माझ्याही. मग एकदम डोळे पुसून तिने विचारलं, "घाबरलात?"

"खूप."

एवढ्या दिवसांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं. विचारणार कसं, मी कळू दिलं तर ना.

ती उठली, चपला शोधायला लागली. "चला. आज बंद असेल, तर उद्या जाऊ. एकटीला पहिलीत बसायची लाज वाटत होती मला. दोघी असलो तर बाक तरी भरेल." निघताना माझं पाऊल धरून वितीने माप घेतलं. म्हणाली, "या वेळी दोन्ही सारखे विणते."

शुक्रवार, २१

दोघी गेलो. नर्सने विचारलं, "आज कोण कोणाच्या सोबतीला?" मी तिच्याकडे बोट दाखवलं, तिने माझ्याकडे.

डॉक्टरबाईंना सांगितलं. सगळं. त्यांनी हात धुतले, काख तपासली, पुन्हा हात धुतले, आणि मग असा आवाज चढवला की बाहेरच्या खुर्च्यांना ऐकू गेला असेल. "दवाखाना राहावा म्हणून गाठ लपवलीत? मग तो राहून करायचाय काय? तुम्ही यायचंच नाही, तर आम्ही कोणासाठी भांडलो?"

मान खाली घालून ऐकलं. म्हटलं, माझ्या खोट्यामुळे निकाल फिरला का हो? तर म्हणतात, "निकाल दवाखान्यांच्या फायलींवर लागलाय, तुमच्या काखेवर नाही. एवढा भाव खाऊ नका." बरं वाटलं. जरा वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.

नातीने काउंटरवर सगळं ऐकलं. संध्याकाळी तिला संघटनेला फोन करताना ऐकलं - "ते पोस्टर उतरवा. आणि समितीला मी स्वतः कळवते. आजी पुन्हा तपासणीत आहे म्हणून." मग येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मी तुला पोस्टर केलं आणि विचारायचंच राहिलं." तिचा काय दोष! मीच नाचत होते.

माझ्या गाठीत सुई घालून तपासायला घेतलंय. मोजेवालीची बाटली आजच सुरू झाली. मी शेजारी बसले.

मंगळवार, २५

मोजे तयार! लाल. खरंच दोन्ही सारखे. म्हणते, "तुमचं सुरू झालं की एकदम घाला." ती चांगली जेवायला लागलीय. खुर्च्यांवरच्या सगळ्यांना सांगत सुटलीय, "आम्ही दोघी एका वर्गात." रोज फोन करते, "रिपोर्ट आला का हो?" मी म्हणते, नाही अजून. तर म्हणते, "येईल. मी आहे."

बसथांब्यावर आता सोफ्याची जाहिरात आहे. हे म्हणाले, "हिच्यापेक्षा आपलीच बरी होती."

गुरुवार, २७

डॉक्टरबाईंचा फोन आला. चरबीची गाठ. साधी! काहीच नाही!

नातीने किंचाळून घर डोक्यावर घेतलं. हे दुसऱ्या खोलीत जाऊन नाक शिंकरत बसले, सर्दी झाली म्हणतात. मी पण हसले, पोटभर हसले. मग समोर मोजे दिसले.

उद्या तिची दुसरी बाटली. नर्सने दोन खुर्च्या शेजारी शेजारी धरून ठेवल्यात.

फोन वाजतोय. तीच असणार.